चुका काढायचा पगार

बॉयलरवर हळद शिजवायचा पहिला ढोल उपसून झाला, दुसरा भरला, तरी सोनाजी पुतणीशी एक शब्द बोलला नव्हता.

प्रियंका व्हिएन्नाहून सोमवारी आली. तेव्हापासून काका तिच्याशी जे काही बोलला ते दुसऱ्याच्या तोंडून. आत्ताही तसंच. ती ताडपत्रीवर गरम हळकुंडं पसरत होती, तो हातभर अंतरावर उभा, आणि बायकोला म्हणतो,

"तिला म्हणावं, ढीग करू नको. पातळ पसर."

संगितानं फावडं टेकवलं. "ती बहिरी न्हाई. तुमीच सांगा."

"मी कशाला सांगू? तिचं ऐकलं म्हणून तर तू पडलीस."

झालं, सुरू. वसराम बॉयलरवाला हसू दाबत लाकडं आत सारायला लागला. दरवर्षी शिजवणीला तोच मशीन घेऊन या शेतातल्या आखाड्यावर येतो, त्यामुळं त्याला घरातलं सगळं माहीत. आणि हे तर कुरुंद्यापासून वसमतपर्यंत सगळ्यांनाच माहीत होतं.

झालं होतं असं. संगिता पाच वर्षं गावची सरपंच होती. काम बरं, नाव बरं. मग पंचायत समितीला उभी राहिली. तेव्हा तिनं प्रियंकाला फोन लावला. तू तिकडं एवढ्या मोठ्या पक्षासाठी डोकं लावतीस, मला बी काही सांग की. प्रियंका म्हणाली, काकू, आमच्या संस्थेत एक पद्धत हाय. निवडणुकीच्या आधी आमी पक्षाच्या चुका काढतो. लोकांत जाऊन विचारायचं, आमचं काय चुकलं? आणि मधी बोलायचं न्हाई. नुसतं ऐकायचं.

तिला म्हणायचं होतं, चार घरी जा, गुपचूप विचार. संगितानं मारुतीच्या पारावर सभा घेतली. माईक लावून.

"माझ्या चुका सांगा," म्हणाली. "मी मधी बोलणार न्हाई."

पारावर अशी शांतता की बकरीचं रवंथ करणं ऐकू यावं. लोकांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग मंजुळाबाई उठली. संगिताची सख्खी मोठी जाऊ, प्रियंकाची माय. तिनं माईक घेतला आणि म्हणाली, "नळाची नवी लाईन हिनं आधी आमच्या गल्लीत आणली. वरच्या आळीला दीड वर्षानं नेली. हे चुकलं." आणि पदर सावरून खाली बसली.

दुसऱ्या दिवसापासून विरोधकांच्या गाडीवर तेच. भोंग्यातून. 'ऐका, ऐका, सख्ख्या जावेच्या तोंडून ऐका.' मंजुळाबाईचा आवाज गावोगाव फिरला. जी बाई कधी नांदेडच्या पुढं गेली नाही तिचा.

संगिता पडली.

"जगात कुणी असं करतं का?" सोनाजी आता वसरामला सांगत होता. "आपल्याच बायकोच्या चुका भोंग्यावर?"

"भोंगा त्यांचा होता," संगिता म्हणाली.

"माल तर आपलाच होता ना!"

मंजुळाबाई ताडपत्रीच्या कडेला बसून हळकुंडांतून जाड गड्डे निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "भावजी, खोटं बोलले का मी?"

"खोटं बोलला असतात तर परवडलं असतं, वैनी!"

वसराम फिस्कन हसला. प्रियंकाही हसली. सोनाजी हसला नाही.

संगिताला मात्र तिचं तिलाच कळत नव्हतं की आपल्याला राग आहे का नाही. पडल्यावर घरी येऊन ती रडली होती, ते खरं. पण त्यानंतर एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. लोक यायला लागले. वरच्या आळीच्या बायका. म्हणायच्या, त्या दिवशी बोलायचं राहून गेलं, आता सांगतो. आणि दळणाला आल्यासारख्या बसून सांगायच्या. अंगणवाडीचं दार. रेशनची तारीख. हिच्याकडं आता ना पद ना सही, तरी सांगायच्या. सरपंच होती तेव्हा तिच्या दारात लोक कामं घेऊन यायचे. पण 'तुझं इथं चुकलं' असं सांगायला कुणी आलं नव्हतं. एक बाई तर जाताना म्हणाली, तू इचारलंस म्हणून सांगावं वाटलं. संगिताच्या अंगावर त्या वेळी काटा आला होता. हे तिनं नवऱ्याला सांगितलं नव्हतं. त्याला काय सांगायचं? तो मतं मोजतो.

*

दुपारी सगळे चिंचेखाली जेवायला बसले. भाकरी, पिठलं, ठेचा. बॉयलर चालूच, वसराम ताट घेऊन मशीनजवळच बसला. वाफ सगळीकडं. हळदीचा वास तर असा की भाकरीलाही तोच.

प्रियंकाचा बाप भागवत, त्याला लेकीला एक गोष्ट कधीची विचारायची होती. गावात लोक म्हणायचे, पोरगी काय करती तिकडं? तो म्हणायचा, पक्षात हाय. म्हंजी पुढारी? न्हाई. मंग भाषणं लिहिती? न्हाई. मंग? इथं भागवत अडकायचा. दहा वर्षं अडकत होता.

"बाई, एकदा नीट सांग. सकाळी हापिसात जातीस. मंग काय करतीस?"

"वाचते, अप्पा. लोकांना भेटते. आकडे बघते. मंग लिहिते."

"काय लिहितीस?"

"पक्षाचं काय चुकून राहिलं ते. आन पुढच्या दहा-वीस वर्षांत लोकांना काय लागंल ते. घर, पेन्शन, लेकरं सांभाळायची सोय."

"पगार कोण देतं?"

"संस्था पक्षाचीच हाय. पैसा सरकारकडून येतो, पक्षाच्या नावानं."

भागवतचा घास हातातच राहिला. "म्हंजी पक्षानं पगारी माणसं ठेवली. आपल्याच चुका काढायला."

"व्हय."

"आन चूक काढली की हाकलत न्हाईत?"

"तोंड वाकडं करतेत. कधी कधी आमचा कागद कपाटात टाकून देतेत. पण हाकलत न्हाईत."

वसराम लांबून म्हणाला, "आमच्याकडं चूक काढली की गाडीतून उतरवतेत."

"तुला गाडीत बसवलं होतं का आधी?" संगिता म्हणाली.

प्रियंकानं फोन काढला आणि बापाला एक फोटो दाखवला. तांबूस रंगाची इमारत. मोठमोठ्या कमानी. भागवतनं बोटानं फोटो सरकवला, पुढं तीच इमारत. परत सरकवला, तीच.

"ही संपती कुठं?"

"किलोमीटरच्या वर हाय लांब."

"एकच इमारत?" त्यानं मान वर करून शेताकडं बघितलं. "म्हंजी इथून सिद्धेश्वर धरणाच्या कॅनॉलपर्यंत."

"शंभर वर्षं होत आली बांधून. त्याच्या आधी तिथले मजूर एका खोलीत दहा-दहा राहायचे. एका खाटेवर पाळीनं झोपायचे. दिवसा एक, रातच्याला दुसरा. भाडं खाटेचं. मंग त्या पक्षातली काही माणसं बसली. डॉक्टर होते, मास्तर होते, हिशोबाचे जाणते होते. त्यांनी आधी कागदावर मांडलं. मजुराच्या घराला खिडकी पायजे. पाणी आत पायजे. लेकरांना अंगण. कपडे धुवायला एक मोठी खोली, तिथंच वाळवायची सोय."

"आन पैसा?"

"ज्याच्या घरी नोकरचाकर, मोटारी, त्याच्यावर कर. तेबी आधी कागदावरच मांडलं."

"आन झालं?"

"झालं ना. लोक आजबी राहतेत. घरं शहराच्याच मालकीची. भाडं परवडतं. मी आले तेव्हा मला वाटलं राजवाडाच हाय. मी एका बाईला इचारलं, इथं कोण राहतं? ती म्हणाली, मी राहते, मी ट्राम चालवते."

भागवतनं फोटो मोठा केला. एका खिडकीत फुलांची कुंडी होती. तो त्या कुंडीकडंच बघत राहिला. आयुष्यभर त्यानं पुढारी बघितले. रस्ता देतो म्हणणारे, पाणी देतो म्हणणारे. काहींनी दिलंही, नाही असं नाही. पण मजुराच्या बायकोनं कपडे कुठं वाळत घालावेत, याचा विचार कुणी टेबलाशी बसून, पायाचा पहिला दगड टाकायच्या आधी केला असेल, हे त्याच्या डोक्यात मावत नव्हतं. तो नुसताच म्हणाला, "बापरे." थोड्या वेळानं परत म्हणाला, "बापरे." आणि अशा ठिकाणी आपली पोरगी. कुरुंद्याच्या शाळेत चालत जाणारी.

"सगळं खरंच निघतं का तुमच्या त्या टाकीतलं?" संगितानं विचारलं. थिंक टँकला घरात टाकीच म्हणायचे.

"न्हाई ना, काकू. तीस वर्षांखाली असल्याच हुशार लोकांनी पक्षाला सांगितलं, मजूर आता राहिला न्हाई, सुशिक्षित मधल्या लोकांकडं बघा, बाजाराला मोकळं सोडा. इंग्लंडमधी सांगितलं, जर्मनीत सांगितलं, सगळीकडं तेच. पक्षांनी ऐकलं. निवडणुका जिंकल्याबी. मंग जुने लोक हळूहळू निघून गेले. भांडले न्हाईत, काई न्हाई. यायचेच बंद झाले."

"म्हंजी तुमच्या टाकीतबी गाळ साचतो."

"लई साचतो."

"आन आता तू काय काढलंस?" भागवतनं विचारलं. फोन अजून त्याच्याच हातात होता.

प्रियंकानं पाणी प्यायलं. भागवतला दिसलं की ती मुद्दाम वेळ घेतेय.

"त्या शहरात दर तीन मोठ्या माणसांत एकाला मत न्हाई, अप्पा. बाहेर देशातून आलेले. तेच रस्ते झाडतेत, तेच म्हाताऱ्यांचं करतेत, तेच इमारती बांधतेत. पक्ष स्वतःला कामकऱ्यांचा म्हणतो आन अर्धे कामकरी त्याच्या मोजणीतच न्हाईत. मी तेच लिहिलं. भर बैठकीत वाचलं. एक मोठा माणूस उठून गेला. बाकीचे बसले. आता त्याच्यावर पक्षात चर्चा सुरू हाय, गावोगाव."

"तू लिहिलेल्यावर?"

"आमी तिघांनी मिळून. पण सुरुवात माझी."

भागवतची छाती भरून आली. त्यानं सोनाजीकडं बघितलं, ऐकून राहिलास का म्हणून. सोनाजी भाकरी मोडत होता, पण ऐकत होता.

"आन अप्पा," प्रियंका म्हणाली, "तीन माणसांत जो एक म्हणले ना, तो म्हंजी मीपण. मलाबी मत न्हाई. जाहीरनाम्यातला घरांचा भाग मी लिहिला आन मतदानाच्या दिवशी मी घरी बसून होते. आता मला तिथं दहा वर्षं भरली. मला अर्ज करता येतो. नागरिक व्हायचा."

"मंग कर की."

"त्यासाठी इथलं सोडावं लागतं. आपल्या देशाचा पासपोर्ट परत द्यावा लागतो. दोन्हीकडचं ठेवता येत न्हाई. हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं म्हणून आले. तुमी न्हाई म्हणलात तर मी करणार न्हाई."

भागवतनं फोन तिच्याकडं दिला. हात धुतला. मग बॉयलरकडं चालत गेला.

*

प्रियंकाला वाटलं होतं अप्पा ओरडतील. ओरडले असते तर सोपं होतं. ते ढोलाजवळ उभे राहिले. वसरामच्या हातातली काडी घेतली, हळकुंडात टोचून बघितली, शिजलं का नाही. परत टोचली. शिजलेलंच टोचत होते.

तिच्या मागून आवाज आला.

"कर तू अर्ज."

सोनाजीकाका. थेट तिच्याशी. ती दचकलीच.

"काय?"

"कर म्हणलो. इथं ठेवून काय करतीस? मत द्यायला तर येत न्हाईस. काढून टाक इथलं नाव."

भागवतनं ते ऐकलं. आणि जे लेकीवर निघालं नव्हतं ते भावावर निघालं.

"तुला लई घाई झाली, सोन्या. इथलं नाव काढायची."

"म्हंजी?"

"म्हंजी तुला म्हाईत. पोरगी परदेशाची झाली की सातबाऱ्यावर तुझंच घर राहतंय."

बॉयलरची शिट्टी तेवढी बारीक वाजत होती. संगिता चटकन मधे आली. "दादा, हे काय बोलणं झालं? पडले मी इलेक्शनात, तुमी काहून घर पाडून राहिलात?"

"अप्पा, मी इचारलंय सगळं," प्रियंका म्हणाली. "वारसानं आलेली जमीन राहते. नवी घेता येत न्हाई फक्त. आन मला नवी घ्यायची न्हाई."

पण सोनाजीला लागलेलं होतं. तो पाणी पिऊन आला, तोंडावर मारून आला. उपरण्यानं पुसलं. मग भावाला नाही, प्रियंकालाच म्हणाला,

"मी प्रचारात किती दारं फिरलो म्हाईत हाय का तुला? तुझ्या काकूसाठी. हातात मतदार यादी. ज्याचं नाव यादीत, त्याच्या दारात चप्पल काढून उभा. म्हातारीच्या पाया पड, लेकराला उचल. आपल्या कॅनॉलच्या कडंला ते ऊसतोडीवाले उतरलेत का न्हाई, पालं टाकून? तीस-चाळीस माणसं. रोज त्यांच्या पुढून गाडी गेली. एकदा बी थांबलो न्हाई. काहून थांबू? त्यांची नावं दुसऱ्या गावात. प्रचारात तेवढा येळ कुणाला?"

त्यानं कॅनॉलच्या दिशेनं हात केला.

"आत्ता तू सांगितलंस तसं, तीन माणसांत एक. तवा माझ्या डोक्यात पालं आली. म्हणलं आपली पोरगी तिथं पालातली हाय. कितीबी शिकली तरी. तिच्या दारात कोण चप्पल काढत असंल?"

प्रियंकानं आता जे सांगितलं ते आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, संस्थेतही नाही, कारण ते सांगितल्यावर लोक हसतील असं तिला वाटायचं.

"आला होता एकजण," ती म्हणाली. "मागच्या निवडणुकीत. आमच्याच पक्षाचा पोरगा. लाल जॅकेट घालून, जिना चढून आला. मी दार उघडलं. त्याच्या हातात पत्रक होतं. त्याच्यावरची पहिली ओळ माझी होती, काका. मी लिहिलेली. चार दिवस बसून. त्यानं इचारलं, तुमाला मत हाय का? मी म्हणले, न्हाई. तो म्हणाला, माफ करा हं. आन वरच्या मजल्यावर गेला."

"पत्रक दिलं न्हाई?"

"न्हाई."

"तू सांगायचं न्हाईस का, हे मी लिहिलंय म्हणून!"

"काय सांगू? त्याचं बरोबरच होतं. मोजकीच पत्रकं असतेत."

सोनाजी कपाळावर हात मारून हसला. "तो माझ्यासारखाच की. बराबर माझ्यासारखा." हसता हसता त्याचे डोळे भरले आणि त्याला ते लपवताही आलं नाही. "एवढ्या लांब, एवढा मोठा पक्ष, शंभर वर्षांखाली राजवाडे बांधले मजुरांना, आन दारात आल्यावर माणूस सोनाजीच निघाला!"

संगितानं नवऱ्याला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिनं तोंडावर पदर धरला, हसायला का रडायला कुणास ठाऊक.

भागवत मात्र हसला नाही. त्यानं काडी वसरामला दिली. "उपस ढोल," म्हणाला. आणि स्वतःच फावडं उचललं.

*

ऊन कलल्यावर शेवटचा ढोल लागला. मंजुळाबाईचे गड्डे निवडून संपले होते, पण ती तिथंच बसून राहिली. नवऱ्याला ती ओळखून होती. हा माणूस रागात जेवतो, रागात झोपतो, पण रागात ठरवत नाही. ठरवायचं असलं की तिच्या शेजारी येऊन बसतो.

आला. बसला. पोरीलाही बोलावलं. मागोमाग संगिता आली, सोनाजी आला आणि जरा लांब उकिडवा बसला.

"मला जमिनीचं काई न्हाई," भागवत म्हणाला. "सोन्या, मी बोललो ते चुकलं."

"बरं," सोनाजी म्हणाला.

"मला देशाचं बी... आता वाईट वाटतं, वाटणारच. पण ते मी गिळीन. माझं दुसरंच हाय. बाई, तू त्यांची चूक काढलीस. ती तुला काहून दिसली? तू बाहेरची हाईस म्हणून दिसली. पत्रक न मिळालेली तू. बाकीच्यांना मिळालं, त्यांना कशाला दिसंल? उद्या तू आतली झालीस, तुझ्या बी दारात चप्पल काढून लोक उभे राहिले, मंग दिसंल का तुला? का तूबी त्यांच्यासारखीच होशील?"

मंजुळाबाईनं लेकीकडं बघितलं. एवढी शिकलेली. चार भाषा बोलणारी.

"म्हाईत न्हाई, अप्पा," ती शेवटी म्हणाली. "खरंच म्हाईत न्हाई. आमच्या संस्थेत याच्यावरच भांडणं होतेत. पक्षाच्या लई जवळ गेलं की दिसत न्हाई. लांब राहिलं की ऐकत न्हाईत. कुठं उभं राहायचं ते कुणालाच नीट कळलं न्हाई अजून. शंभर वर्षांत न्हाई कळलं."

"मी सांगू का?" संगिता म्हणाली. "दादा, त्या दिवशी पारावर एवढा गाव बसला होता. बाहेरचे, विरोधातले, सगळे. पहिल्यांदा कोण उठलं? अक्का. ज्यांच्या गल्लीत नळ आला, त्याच अक्का. पाणी भरत होत्या त्या नळाचं. आतल्याच होत्या की. तरी दिसलं का न्हाई?"

"पडलीस त्याच्यानं," सोनाजी म्हणाला, पण आता आवाजात धार नव्हती.

"पडले. पण अक्कानं मत मलाच दिलं. दिलं ना, अक्का?"

"दिलं की," मंजुळाबाई म्हणाली. "चूक सांगितली म्हणून काय मत देऊ नये?"

भागवतनं बायकोकडं बघितलं. मंजुळाबाईला त्या बघण्याचा अर्थ लागेना. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपल्याकडं असं त्यानं बघितलेलं तिला आठवत नव्हतं. लग्नानंतरच्या एका पावसाळ्यात सिद्धेश्वर धरणाची दारं उघडलेली बघायला गावातून ट्रॅक्टर भरून गेले होते, तेव्हा पाण्याकडं तो असा बघत उभा होता.

"हे तुला कुणी शिकवलं?" त्यानं विचारलं.

"काय शिकवायचं त्याच्यात?"

वसरामनं ढोल फिरवला, वाफेचा लोट सगळ्यांवरून गेला. क्षणभर कुणालाच कुणी दिसेना. वाफ सरली तेव्हा भागवत लेकीकडं वळलेला होता.

"कर अर्ज," तो म्हणाला.

प्रियंकानं मान वर करून बापाकडं बघितलं.

"कर म्हणून राहिलो. पण ऐक. तिथं मत मिळालं की त्याच पक्षाला द्यायचं, असं समजू नको. त्यांचा पगार खातीस म्हणून. त्यांच्यातच बसतीस म्हणून. चुकले तर देऊ नको."

"अप्पा, बहुतेक मी त्यांनाच..."

"थांब!" त्यानं हात वर केला. "सांगू नको. कुणाला देणार, कुणाला दिलं, ते मला कधीच सांगू नको. तुझं मत हाय ते. बापाला कशाला म्हाईत पायजे?"

प्रियंकानं बापाचे हळदीनं पिवळे झालेले हात धरले आणि त्यावर कपाळ टेकलं. सोनाजीनं नाक ओढलं. संगिता उगीचच ताडपत्रीची कड सरळ करायला लागली.

मंजुळाबाई बसल्या जागी थक्क होऊन बघत होती. प्रत्येक निवडणुकीला, आदल्या दिवशी संध्याकाळी, हाच माणूस चुलीपाशी येऊन सांगायचा, कोणतं बटण. वर्षानुवर्षं. त्याच्या बापानं त्याच्या मायला सांगितलं, त्यानं हिला सांगितलं. मतदान करून आल्यावर विचारायचाही, बराबर दाबलंस ना? आणि आता हाच माणूस, याच तोंडानं. इथून कॅनॉलपर्यंत लांब इमारत खरी असेल, शंभर वर्षांखालच्या माणसांनी खिडकीचाही विचार केला असेल. पण तिला त्याहून मोठं नवल आत्ता, या ताडपत्रीवर बसलेलं दिसत होतं.

तिनं मोकळं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले.

"मंग आता," ती म्हणाली, "मलाबी सांगू नका. आन इचारूबी नका."